पंख शिवताना अडलेली केबल

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात दोन माणसांचं छोटं विमान तयार होतंय. मालक जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर, आम्ही त्यांना साहेब म्हणतो. लाकडी सांगाडा त्यांनी स्वतःच्या हाताने उभा केला आणि पंखांवर कापड चढवायला मला बोलावलं. हे काम मी फ्लाइंग क्लबात पुष्पकवर शिकलो. पुष्पक हे एचएएलचं विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं, तेव्हा सुती कापड आणि डोपचा, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लेपाचा, जमाना होता. आता पॉलिएस्टर आलंय. ते चिकटवायचं आणि इस्त्रीने ताणायचं, आधी 250 फॅरनहाइटवर, मग 350 वर. इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तापमान थर्मामीटर लावूनच बघतो, कारण त्याच्या फार वर गेलं की कापड ढिलं पडतं आणि मग पुन्हा ताणलं जात नाही.

इस्त्री झाली. पंख ढोलकीसारखा वाजायला लागला. साहेब खुश होऊन म्हणाले, "एवढं घट्ट बसलंय, आता टाके कशाला? गोंद धरतोय की."

मी त्यांना समजावलं. पंखाला मिळणाऱ्या उचलीतला मोठा वाटा वरच्या बाजूला हवेचा दाब कमी झाल्यामुळे येतो. म्हणजे उडताना वरचं कापड सारखं फासळीवरून, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या लाकडी पट्टीवरून, उपटलं जात असतं. कापड सुटून फुगलं तर पंखाचा आकारच बिघडला. काही विमानांत त्यासाठी स्क्रू किंवा रिव्हेट असतात, पण या लाकडी फासळ्यांना मेण लावलेला दोराच. दाभणासारखी लांब सुई वरून खाली जाते, फासळीच्या दुसऱ्या अंगाने वर येते, आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ बसते. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. विमानाचा वेग जास्त तितके टाके जवळ, आणि प्रोपेलरच्या झोतात येणाऱ्या फासळ्यांवर आणखी जवळ.

साहेबांना पटलं. पंख पुढच्या कडेवर उभा केला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटचं काम करणारे मामा. मामांचा हात असा सफाईदार, की सुई मला हवी तिथेच बाहेर यायची.

एक फासळी पुरी झाली की एलेरॉनची, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेची, केबल दोन्ही टोकांनी ओढून बघायची, ही आमच्या उस्तादांची शिकवण. एलेरॉन अजून बसवलं नव्हतं, पण केबल आतून ओवलेली होती. सुरुवातीच्या फासळ्यांना ती अलगद सरकली. मधल्या एका फासळीनंतर मात्र ओढताना बोटांना किंचित खरखर लागली. अडकली नव्हती. सरकत होती, पण जड.

"पुलीला तेल नसेल," साहेब म्हणाले.

पुली तर सकाळपासून तीच होती. मी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इन्स्पेक्शन होलमधून बघितलं. दोरा फासळीच्या एका अंगाने केबलच्या पुढून उतरला होता आणि दुसऱ्या अंगाने मागून वर गेला होता. केबल टाक्याच्या फाशात! पंख उभा करताना केबल स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईला) धरून ठेवणारी तात्पुरती गाठ सुटली होती आणि केबल लोंबून फासळीपाशी आली होती. बाहेरून टाका अगदी सरळ, गाठ सुबक. त्यावर टेप, रंग, चांदीचा हात (कापडाला उन्हापासून जपणारा अ‍ॅल्युमिनियमचा रुपेरी लेप) चढला असता की कोणालाही काही दिसलं नसतं. प्रत्येक वळणाला तार दोऱ्यावर घासली असती. दोरा तुटला असता तर कापड सुटलं असतं, आणि नसता तुटला तर हवेत असताना एलेरॉन जड झालं असतं. माझ्या हाताला घाम फुटला.

साहेबांनी आरशात स्वतः बघितलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कापा."

त्या फासळीचा दोरा एकेक गाठ कापत पूर्ण काढला. केबल स्पारला पट्टीने दोन ठिकाणी पक्की बांधली आणि आधी शिवलेली प्रत्येक फासळी आरशाने पुन्हा तपासली. बाकी सगळं ठीक होतं. मग जुन्याच भोकांतून नवा दोरा. मामा अंधार पडला तरी थांबले, गाळा बंद करून घरी जायला त्यांना उशीर झाला, पण एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. अशी माणसं मिळतात म्हणून ही कामं होतात.

उरलेल्या फासळ्या शिवताना साहेब केबलचं टोक धरून स्टुलावर बसले. आता फासळीनंतर नाही, प्रत्येक गाठीनंतर ओढायची, हे त्यांनीच ठरवलं. गाठ बसली की मी "हं" म्हणायचो आणि ते "मोकळी" म्हणायचे. टेपा दुसऱ्या दिवशी लावल्या. चांदीचा हात मात्र पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावरच मारायचा असं ठरलं.