सारायेवोच्या रस्त्यावरचे सात ताबूत

सहा जुलैला, रविवारी, आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर कडेगावच्या ताबुतांचे फोटो पाठवले. माझं आजोळ तिथलं. मोहरमच्या दहाव्या दिवशी बांबूचे, रंगीत कागदांचे ते गगनचुंबी ताबूत भेटीला निघतात आणि खांदा द्यायला सगळ्या जातीधर्मांची माणसं उतरतात. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी ते बघितलेत. फोटो आले तेव्हा मी बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलावर उभी होते. १९९३ मध्ये तोफा डागून पाडलेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा केलेला तो पूल फार सुंदर आहे, गर्दी मात्र असह्य होती. मोस्तारबद्दल मला एवढंच सांगायचंय. या लेखाचं निमित्त आहे बुधवार, ९ जुलै २०२५ची सकाळ.

बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोत, मी व्रातनिक भागात एका घरगुती गेस्टहाउसमध्ये उतरले होते. घरमालकीण साठीतली. मावशीला तिकडे ‘तेता’ म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे गप्पा तिच्या लेकीमार्फत. पण काही शब्दांना दुभाष्या लागला नाही. दुकानाला ते ‘दुचान’ म्हणतात, साबणाला ‘सापुन’, बदामाला ‘बादेम’, फायद्याला ‘फायदा’. फारसी-तुर्कीची एक धार आमच्याकडे आली, एक बाल्कनमध्ये गेली. पहिल्या संध्याकाळी आम्ही असे शब्द जुळवत बसलो, तेव्हा त्या दोघींच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. मला वाटतं, पाहुणचाराची सुरुवात अशीच व्हायला हवी.

बुधवारी सकाळी तेता काळा स्कर्ट आणि पांढरा रुमाल घालून निघाली. लेक म्हणाली, “आई ताबूत बघायला चाललीय. यायचंय?”

ताबूत! मी आईचे फोटो काढून दाखवले. ते झगमगते मनोरे तेता बराच वेळ न्याहाळत राहिली. मग लेकीनं मला समजावलं. त्यांच्या भाषेत ताबूत म्हणजे प्रेत ठेवून न्यायची पेटी. १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सर्ब सैन्यानं मुसलमानांची कत्तल केली. त्यातल्या ज्यांची ओळख वर्षभरात पटते, त्यांचे ताबूत दर ९ जुलैला विसोको गावाच्या शवागारातून निघतात, सारायेवोतून जातात आणि ११ला स्रेब्रेनित्साजवळ पोतोचारीच्या स्मारकात दफन होतात. त्या वर्षी सात होते. त्यांत दोन मुलगे एकोणीस वर्षांचे आणि एक बाई सदुसष्ट वर्षांची. मारले गेल्याला तीस वर्षं झाली होती.

आम्ही कोवाचीच्या पांढऱ्या कबरींमधून उतरलो आणि बाश्चार्शिया ओलांडली. या जुन्या बाजारात तांब्याच्या कामाच्या गल्लीत बंदुकीच्या काडतुसांची पेनं आणि तोफगोळ्यांच्या कवचांवर नक्षी काढलेल्या फुलदाण्या विकायला असतात. आदल्या दिवशी मी एक पेन हातात घेऊन ठेवून दिलं होतं. युद्धात ज्यांनी सर्ब सैन्याचा वेढा सोसला ते काय विकतात हे ठरवणारी मी कोण, पण विकत घेणाऱ्या पर्यटकांचा मला राग आला होता, आणि अजून येतो. पुढे मार्कालेची मंडई लागली. तिथं ५ फेब्रुवारी १९९४ला एका तोफगोळ्यानं ६८ माणसं मारली. आज तिथं टोमॅटो आणि रासबेरी विकतात. तेतानं तिथूनच गुलाब घेतले, तीन मला दिले.

मार्शल टिटो रस्त्यावर अध्यक्षांच्या कचेरीसमोर दुतर्फा माणसं उभी होती. शाळकरी पोरं, सूट घातलेले बँकवाले, व्हीलचेअरवरचे म्हातारे. घोषणा नाहीत, लाउडस्पीकर नाही. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी आपल्याकडे कधी अनुभवली नाही. मग पोलिसांच्या गाड्यांमागून ट्रक आला, एकच झाकलेला मोठा ट्रक, अगदी सावकाश. लोक पुढे झाले. ओंजळी उघडून पुटपुटत त्यांनी फातिहा म्हटला, हात चेहऱ्यावरून फिरवले. कुणी ट्रकच्या अंगावर तळवा टेकवून उभं राहिलं, जणू तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा. ताडपत्रीच्या दोऱ्यांत, फटींत, जागा मिळेल तिथं फुलं खोचली जात होती. माझे गुलाब खोचायला गेले तर देठ आत जाईना. शेजारच्या एका अनोळखी म्हातारबाबांनी दोरी बोटानं उचलून धरली. मी फूल सरकवलं. त्यांनी मान हलवली आणि दोरी सोडली.

मला कडेगाव आठवत होतं. तिथल्या ताबुताचा भार पेलायला खांदे बदलावे लागतात. तेताची लेक सांगत होती, पोतोचारीत ताबूत डोक्यांवरून हातोहात पुढे जातात आणि ते इतके हलके असतात की हातांना कळतं.

ते हलके का, ते मला त्या दुपारी तेताच्या ओट्यावर कळलं.

तिनं कॉफी केली. तांब्याची लांब दांड्याची जेझ्वा, छोटे फिल्जान म्हणजे कप, साखरेचे खडे. खडा कॉफीत बुडवून दातात धरायचा आणि वरून घोट घ्यायचा. वेढ्यात, म्हणजे ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ या १४२५ दिवसांत, तिनं मसूर भाजून कॉफी केली होती, पण पाहुणा आला की फिल्जान मांडायचेच. हे सांगून झाल्यावर ती तिच्या जाऊबाईंविषयी बोलायला लागली.

जाऊबाई स्रेब्रेनित्साजवळच्या खेड्यातल्या. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल १९९३ मध्ये तो भाग ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला होता. ११ जुलै १९९५ला जनरल म्लादिचचं सर्ब सैन्य आत शिरलं. बायका-मुलं पोतोचारीत संयुक्त राष्ट्रांच्या डच सैनिकांच्या तळाकडे धावली. हजारो पुरुष रानातून तुझ्लाच्या दिशेनं निघाले. जाऊबाईंचे यजमान आणि सतरा वर्षांचा मुलगा त्यांत होते. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. स्मारकाच्या दगडावर ८३७२ हा आकडा कोरलाय.

गुन्हा लपवायला नंतर बुलडोझर लावून सामूहिक कबरी उकरल्या गेल्या आणि प्रेतं दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन जागी, कधी कित्येक किलोमीटर लांब सापडली. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन, डीएनए जुळवून माणूस ओळखतात. मग घरी फोन जातो. फोनवर सांगतात की तुमचा माणूस सापडला, आणि किती सापडला तेही सांगतात.

पुढचं ठरवायचं घरच्यांनी. आहे तेवढ्याचं दफन करायचं, की थांबायचं?

जाऊबाईंना पहिला फोन आला तेव्हा मांडीचं एक हाड होतं. त्या चार वर्षं थांबल्या. दुसऱ्या खड्ड्यात कवटीचा भाग मिळाला, तेव्हा दफन केलं. मग तिसरा फोन आला आणि कबर पुन्हा उघडून बरगड्या ठेवल्या. मुलाचं अजून काहीच नाही. असे सुमारे हजार जण अजून बेपत्ता आहेत. तेता म्हणाली, “फोन वाजला की ती आधी बसून घेते, मग उचलते.”

लेक मध्येच मला म्हणाली, “तुमचा देश तटस्थ राहिला ना?” ११ जुलै हा या नरसंहाराचा स्मृतिदिन ठरवण्यासाठी मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं. ८४ देश बाजूनं, १९ विरोधात, ६८ तटस्थ. भारत तटस्थांमध्ये होता. तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. पण कॉफी माझ्या घशाखाली उतरेना. राजनैतिक कारणं असतात, मला कळतं. तिच्यासमोर ती मला सांगावीशी वाटली नाहीत. बोस्नियात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले प्रमुख सतीश नांबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ही माहिती मी मुंबईहून अभिमानानं घेऊन आले होते. ती तशीच मनात राहिली.

आणि ११ जुलै १९९५ला मी कुठे होते? दहावीत, सांगलीत. बातम्यांत ‘बोस्निया-हर्झगोव्हिना’ नाव रोज यायचं, आम्हाला त्याचा उच्चार मजेशीर वाटायचा. माझ्या वर्गातली मुलं आणि तो सतरा वर्षांचा मुलगा, जेमतेम दोन वर्षांचं अंतर.

पोतोचारीला मी १३ तारखेला गेले, गर्दी ओसरल्यावर. एका टूर कंपनीची गाडी होती, जायला तीन तास. चालक-मार्गदर्शकाला परतायची घाई होती आणि स्मारकात त्यानं आम्हाला दीड तास दिला. अशा ठिकाणी घड्याळ दाखवणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नये, एवढं मी कुणालाही सांगेन. डच तुकडीचा तळ असलेला बॅटरी कारखाना मी धावत पाहिला. भिंतीवर सैनिकांनी लिहिलेला मजकूर अजून आहे, मला तो वाचवला नाही.

कारण मला एक काम होतं. तेतानं रांग आणि कबर कुठे ते कागदावर लिहून दिलं होतं. पांढऱ्या संगमरवरी उभ्या दगडांच्या रांगांवर रांगा, टेकडी चढत गेलेल्या. सगळ्यांवर मृत्यूचं वर्ष एकच, १९९५. वाटेत सात ताज्या कबरी लागल्या. त्यांच्यावर अजून दगड नाही, फक्त हिरवी लाकडी पाटी, आणि ओल्या मातीवर कोमेजलेले गुलाब. माझे तीन त्यात असतील का, असं वाटून मी उगीच शोधत राहिले.

जाऊबाईंच्या यजमानांची कबर सापडली. डाव्या हाताला एका कबरीएवढी जागा मोकळी सोडलीय, मुलासाठी. गवत नुकतंच कापलेलं होतं. मी दगडाचा फोटो काढला आणि त्या मोकळ्या जागेचे चार काढले, कारण तेतानं तसं बजावलं होतं.

संध्याकाळी तिनं चष्मा लावून फोन हातात घेतला. दगडाचा फोटो पटकन पुढे सरकवला. मोकळ्या जागेचा मात्र दोन बोटांनी मोठा करून इंच इंच पाहिला आणि लेकीला काहीतरी विचारलं.

“आई विचारतेय, तिथं पाणी साचलेलं दिसलं का? काकूला तेवढीच काळजी असते. गेल्या आठवड्यात पाऊस झाला ना.”

मी सांगितलं, जमीन उताराची आहे, पाणी थांबत नाही, माझे बूट कोरडे राहिले. बूट दारातच होते. तेतानं एक उचलला, तळवा हातानं चाचपला आणि जाऊबाईंना फोन लावला.