शॅमेलिऑन आजारी आहे हे कशावरून ओळखायचं, आणि मग काय करायचं

शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) भर दिवसा डोळे मिटून बसला असेल, तर बाकी काही तपासायच्या आधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या व्हेटची वेळ घ्या. मांजर दुपारी डुलक्या काढतं, शॅमेलिऑन काढत नाही. दिवे चालू असताना त्याचे दोन्ही डोळे उघडे हवेत आणि आपापल्या दिशेने फिरत असायला हवेत. अशक्त दिसणाऱ्या प्राण्यावर शिकारी आधी झडप घालतो, म्हणून हा प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतो. आपल्या लक्षात येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

नवखे लोक आधी रंग बघतात. रंग हा सगळ्यात फसवा पुरावा आहे. सकाळी ऊब शोषून घेण्यासाठी तो काळपट होतो, झोपेत फिका पडतो, आरशात स्वतःला बघून भडकतो. दिवसभर काळवंडलेलाच राहिला तर मात्र थंडी, ताण किंवा आजार यांपैकी काहीतरी आहे. रंगापेक्षा वजन खरं बोलतं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटी फांदी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी वजन लिहून ठेवा. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन 10 टक्क्यांनी उतरलं, किंवा वाढत्या वयातल्या पिल्लाचं वजन दोन आठवडे जागचं हललंच नाही, तर वाट बघत बसू नका.

दुसरा भरवशाचा पुरावा पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला असतो. विष्ठेचे दोन भाग दिसतात: तपकिरी, आकार धरलेला भाग आणि त्याला चिकटलेला पांढरा युरेट, म्हणजे घट्ट स्वरूपातली लघवी. युरेट पांढरा आणि मऊ असला की पाणी पुरतंय. टोकाशी थोडी पिवळी छटा चालते. सगळाच नारिंगी आणि खडूसारखा कडक झाला, की शरीर पाण्यासाठी तळमळतंय असं समजा. त्याच्या जोडीला डोळे खोल गेलेले दिसतात. विष्ठा पातळ, उग्र वासाची, किंवा तिच्यात न पचलेले किडे दिसत असतील, तर एकतर पिंजरा थंड आहे किंवा पोटात जंत वा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आहेत. ताजा नमुना झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नाही) आणि 24 तासांच्या आत तपासणीला द्या.

पाणी कमी पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा कळतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो, आणि तेही फवारा सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी, मन झालं तर. दहा सेकंद स्प्रे मारून निघून जाणं म्हणजे फक्त पानं धुणं. फवारा लांब चालवा, ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारं भांडं) ठेवा, पण दोन फवाऱ्यांमध्ये पिंजरा कोरडा होऊ द्या. चोवीस तास ओल आणि कोंदट हवा यातूनच पुढे छाती भरते.

आता हाडं मऊ पडण्याच्या आजाराकडे. पाळलेल्या शॅमेलिऑनमध्ये सर्रास दिसणारा आणि पूर्ण टाळता येणारा आजार हाच. हाडं वाकलेली दिसायच्या कितीतरी आधी जीभ सांगते. निरोगी शॅमेलिऑन शरीराच्या लांबीपेक्षाही दूरचा किडा टिपतो. जीभ अर्ध्यावर पडायला लागली, नेम चुकायला लागला, किंवा तो तोंड थेट किड्यापाशी नेऊन खायला लागला, तर कॅल्शियम कमी पडत असल्याचा संशय घ्या. स्नायू आकुंचन पावायलाही तेच लागतं. मग चाल बघा. फांदीवरून जाताना पोट फांदीपासून उचललेलं हवं. पोट घासत चालणं, फांदी सोडून स्वतःचाच दुसरा पाय पकडणं, बोटांची थरथर, मऊ पडलेला जबडा ही पुढची पायरी. उपचाराने हाडांची झीज थांबते, मात्र वाकलेलं हाड सरळ होत नाही.

या आजाराचं मूळ असतं युव्हीबी दिव्यात: युव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण, त्यांच्यामुळे शरीर डी-3 जीवनसत्त्व बनवतं आणि कॅल्शियम शोषून घेतं. टी-5 एचओ प्रकारची (बारीक, जास्त ताकदीची) लांब ट्यूब, युव्हीबीचं प्रमाण 5.0 किंवा 6 टक्के लिहिलेली, आणि बसायची सर्वांत वरची फांदी तिच्यापासून साधारण 20 ते 25 सेंटिमीटर खाली. छोटे पिळाचे बल्ब पुरत नाहीत. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग शून्य, कारण काच युव्हीबी अडवते. ट्यूब पेटते आहे म्हणजे चालू आहे असंही नाही. उजेड तसाच राहतो आणि युव्हीबी घटत जातं, म्हणून ती वर्षाच्या आत बदला. किड्यांवर रोज डी-3 नसलेली कॅल्शियम पावडर हलकी भुरभुरवा, डी-3 असलेली पावडर आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदाच. जास्त घातलं की जास्त फायदा, हा समज महागात पडतो: जीवनसत्त्वांचा अतिरेक झाला की गळ्याभोवती सूज येऊ शकते.

श्वासाचा आजार कानाने ओळखता येतो. श्वास घेताना टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज, तोंडात चिकट लाळेचे बुडबुडे, आणि नाक वर करून बसणं. दिव्याखाली तोंड उघडलं तर त्याला गरम होतंय. सावलीत, गार असताना उघडं राहिलं तर श्वास अडतोय. नाकपुडीभोवतीची कोरडी पांढरी पूड मात्र फक्त मीठ आहे, तिला घाबरू नका.

डोळ्याच्या बाबतीत एक डोळा की दोन्ही, हा प्रश्न आधी विचारा. एकच सुजला असेल तर कचरा किंवा तिथल्यापुरता संसर्ग असतो. दोन्ही मिटलेले असतील तर दुखणं अख्ख्या शरीराचं आहे. झोपायच्या आधी काही सेकंद डोळा फुगवून फांदीवर घासणं ही त्याची रोजची साफसफाई. घरातले माणसांचे ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग आणखी चिघळतो. हिरड्यांवर पिवळसर, पनीरसारखा घट्ट थर दिसला तर तो पू आहे. सरपटणाऱ्यांचा पू वाहून जात नाही, तो व्हेटलाच काढावा लागतो.

अंडी घालणाऱ्या जातींच्या मादीला नर भेटला नसला तरी अंडी होतात, हे अनेकांना माहीतच नसतं. ती खाणं सोडते, पिंजऱ्यात सैरभैर फिरते, तळ उकरते. तिला आधीपासूनच ओलसर वाळूचा किमान 30 सेंटिमीटर खोल डबा हवा, बोगदा ढासळणार नाही इतपत ओला. खणताना कोणी बघतंय असं वाटलं की ती काम सोडून देते, म्हणून पिंजऱ्यावर कापड टाका. उकरणं थांबलं, अंडी आली नाहीत आणि ती डोळे मिटून तळाशी पडली, तर त्याच दिवशी व्हेट. उद्या नाही.

व्हेटकडे जाईपर्यंत घरी करण्यासारखं थोडंच असतं, आणि तेवढंच करावं. गोल काट्याचा चिकटवायचा थर्मामीटर विश्वासाचा नाही. डिजिटल थर्मामीटरचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) बसायच्या फांदीवर ठेवून मोजा. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड किंवा पँथर जातीच्या शॅमेलिऑनला दिव्याखाली 29 ते 32 अंश सेल्सिअस लागतात; जॅक्सन जातीला त्याहून कमी. श्वासाचा त्रास असेल तर रात्री 22 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. सिरिंजने तोंडात पाणी सोडू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. बळजबरीने खाऊही घालू नका. थंड, कोरड्या पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही, सडतं.

नेताना हवेशीर खोका, आत आडवी काठी, वरून कापड. बरोबर पिंजऱ्याचे फोटो, दिव्यांची आणि पावडरींची नावं, वजनाची वही आणि विष्ठेचा नमुना. व्हेटला याचा उपयोग प्राण्याइतकाच होतो. सेफ्टाझिडिमसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन 72 तासांतून एकदाच देतात, कारण या शरीरातून औषध हळू बाहेर पडतं. मधल्या दिवशी मनाने डोस वाढवू नका. तो खायला लागला म्हणून कोर्स अर्धवट सोडूही नका. जंतांवर औषध चालू असेल तर तळाचा कागद रोज बदला, जिवंत किडे पिंजऱ्यात मोकळे ठेवू नका, नाहीतर जंतांची तीच अंडी पुन्हा पोटात जातात. शेवटच्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांनी विष्ठा पुन्हा तपासून घ्या.