वकीलपत्र

घराचे कागद शोधायला दुपारी कपाट उघडलं आणि हाताला लागली ती वकीलकाकांनी शिवलेली फाईल. शिवलेलीच म्हणायची. डाव्या कोपऱ्यात टोच्याने पाडलेलं भोक, त्यातून ओवलेला जाड पांढरा दोरा, मागच्या बाजूला गाठ, आणि गाठीची दोन्ही टोकं अगदी सारखी कापलेली. स्टेपलरवर काकांचा राग होता. "पिन गंजते, गंज कागद खातो. दावा पिनेपेक्षा जास्त जगतो," म्हणायचे. कारकून असूनही महत्त्वाच्या फायली ते स्वतःच शिवायचे, चष्मा कपाळावर चढवून.

हवे होते ते कागद बाजूलाच राहिले.

काका जाऊन अजून महिना झालेला नाही. वकील मंडळींनी शोकसभा ठेवली आहे, आणि त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने, फर्मान काढलंय की तूही दोन शब्द बोलायचे. छापायचा मजकूरही पाठवलाय. 'समाजकार्याची तळमळ असलेले निष्णात विधिज्ञ आणि कुटुंबवत्सल गृहस्थ.' यात खोटं काही नाही. पण हे वाक्य कुठल्याही वकिलाच्या फोटोखाली चालेल, आणि 'विधिज्ञ' काढलं तर डॉक्टरच्यासुद्धा. श्रद्धांजलीच्या मजकुरांबद्दल माझं जुनंच खुसपट आहे. माणूस कसा होता ते त्यात भरभरून असतं. तो दिवसभर काय करायचा, याचा पत्ता नसतो.

काका काय करायचे? घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. भिंतीला लागून लाकडी बाक, बाकावर पक्षकार, बाकाखाली चपलांचा ढीग. आतल्या दाराला पडदा. पडद्यापलीकडे काकू, स्वयंपाक आणि रेडिओ. आम्ही दोघी बहुधा टेबलाखाली. रद्द झालेले हिरवट लेजर पेपर आम्हाला पाठकोरे म्हणून मिळत, त्यामुळे आमच्या चित्रांतलं आकाश कायम हिरवं. वर वाटपाचे, कुळाचे, सामाईक विहिरीचे दावे चाललेले असायचे आणि आम्ही खाली त्या माणसांचे पाय बघायचो. खोटं बोलणारा माणूस अंगठा हलवतो, असा आमचा शोध होता. काकांना सांगितला तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "पुराव्यात धरता येणार नाही."

एकदा सहलीवरून त्यांच्या घरी रणकंदन झालं. काकू लेकीला पाठवायला तयार नव्हत्या, आणि मैत्रीण रडत बसलेली. मी तावातावाने काकांपुढे जाऊन उभी राहिले आणि तिची बाजू मांडायला लागले. काकांनी पेनाला टोपण लावलं.

"तुला तिने वकीलपत्र दिलंय?"

नव्हतं दिलेलं. मग एका पाठकोऱ्यावर तिच्याकडून लिहून घेतलं, 'माझ्या वतीने बोलण्यासाठी मी हिला नेमत आहे', खाली डोळे पुसत केलेली सही. तो कागद काकांनी उजेडात धरून वाचला, टोच्याने भोक पाडून एका फाईलला लावला आणि मगच म्हणाले, "बोला." माझं सगळं ऐकून घेतलं, काकूंनाही बोलावून त्यांचं ऐकलं आणि आमचा दावा खर्चासह फेटाळला. खर्च म्हणजे बाकाखालच्या चपला जोडीने लावणे.

याचं मूळ मला फार पुढे कळलं. सार्वजनिक काका हे त्यांचं दैवत. गणेश वासुदेव जोशी म्हटलं की लोकांना १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेलेले काका आठवतात. आमच्या काकांना खादीत तेवढा रस नव्हता. ते रंगात यायचे ते पुणे सार्वजनिक सभेच्या जन्माची गोष्ट सांगताना. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल कुरबुरी सुरू झालेल्या, त्यातून १८७० साली सभा निघाली. आणि नियम काय केला? सभेत बसायचं तर किमान ५० माणसांनी सह्या केलेलं मुखत्यारपत्र आणा. सहा हजार लोकांच्या वतीने ९५ जण असे निवडून आले. "उठायचं आणि 'जनतेचं म्हणणं असं आहे' म्हणून ठोकून द्यायचं, हे चालणार नाही. आधी सह्या दाखव! हे वकिलालाच सुचणार," असं म्हणताना वकीलकाकांचा चेहरा असा खुलायचा, जणू ९५ जणांत हेही होते. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र याच जोशींनी घेतलं. राजद्रोहाचा आरोप, सरकार खवळलेलं. दुसऱ्याच वर्षी ते गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी.

हे पुराण निघालं की पडद्यामागून काकूंचा आवाज यायचा, "त्यांच्या सरस्वतीबाईंची स्वतःची स्त्रीविचारवती सभा होती म्हणे. माझी मात्र पक्षकारांच्या चहाची सभा." काका यावर काही बोलत नसत. शोकसभेत 'कुटुंबवत्सल' म्हटल्यावर काकूंचा चेहरा बघायला हवा.

पण मला सांगावंसं वाटतंय ते हक्कसोडपत्रांबद्दल. महाराष्ट्रात १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला, तो आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. झालं, बहिणींना घेऊन भाऊ यायला लागले. सातबाऱ्यावर नावं लागायच्या आत सही हवी. मी तेव्हा नोकरीला लागले होते, तरी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायची सवय सुटली नव्हती.

अशाच एका संध्याकाळी दोन भाऊ आणि मधे बहीण, असे तिघं बाकावर. बाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड आणि फोटो. थोरला म्हणाला, "ताईला सगळं समजावलंय साहेब. मसुदा तेवढा पक्का करा."

"तुम्ही दोघं जरा बाहेर बसा," काका म्हणाले. भावांनी एकमेकांकडे बघितलं, पण गेले. मी उठायला लागले तर मला म्हणाले, "तू बस. बाईमाणूस असू दे कुणी."

मग त्यांनी अख्खा मसुदा वाचून दाखवला. गट नंबर, चतुःसीमा, सगळं, शाळेत धडा वाचावा तसा. 'कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने' इथे थांबले.

"हे खरं आहे का, ताई?"

बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "सही नाही केली तर माहेर बंद होतंय."

"मग ही ओळ खोटी झाली. खोटी ओळ माझ्या हातून जायची नाही."

"तेवढी ओळ काढा मग. सही करते."

काकांना कोर्टात निरुत्तर झालेलं मी पाहिलेलं नाही, कारण कोर्टात मी कधी गेलेच नाही. पण त्या खोलीत ते बराच वेळ गप्प होते. अखेर भावांना आत बोलावून म्हणाले, "ताईंना विचार करू द्या. पंधरा दिवसांनी या." ते काही परत आले नाहीत. दुसऱ्या वकिलाकडून काम झालं असणार, त्या ओळीसकट.

यात काकांनी काय मिळवलं, मला अजून नीटसं उमगलेलं नाही. फी गेली आणि बाईंचा हिस्साही बहुतेक गेलाच.

स्वतःच्या घरी मात्र त्यांचं चाललं. गावच्या घराची वेळ आली तेव्हा थोरली बहीण आपण होऊन सही करायला आली होती. आम्ही सगळे तिला आत्याच म्हणतो. "मला काय करायचंय ते घेऊन?" तिचा एकच हेका. काका म्हणाले, "तू आधी घे, मग पाहिजे तर उधळ." काकू दोन दिवस धुसफुसत होत्या, लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. निम्मं घर आत्याच्या नावावर लागलं ते लागलंच.

काही वर्षांनी आत्याने ते खरंच उधळलं, म्हणजे बक्षीसपत्र करून भाचीच्या, माझ्या मैत्रिणीच्या नावावर करायचं ठरवलं. काकांनी मुद्रांक शुल्काचा हिशेब मांडला आणि कपाळाला हात लावला. "हक्कसोडपत्र केलं असतंस तर नाममात्र ड्युटीत झालं असतं!"

"तेच मी तेव्हा म्हणत होते," आत्या म्हणाली.

तरी मसुदा वाचून दाखवायचं त्यांनी सोडलं नाही. 'प्रेमापोटी व आपुलकीपोटी' इथे आल्यावर थांबले आणि चष्म्यावरून बहिणीकडे बघत म्हणाले, "हे खरं आहे का?"

"गाढवा, पुढे वाच," आत्या म्हणाली, "आणि ड्युटी तू भर."