हात दुखतात, तरी विणते ती का

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जमलो की कुणीतरी विचारतंच. लग्नाच्या पंगतीत विचारतात, फोनवर तब्येतीची चौकशी झाली की पाठोपाठ तेच येतं: "हात एवढे दुखतात, मग अजून विणता कशाला? आणि आपल्याकडे थंडी ती किती?" विचारण्यात माया असते, हे मला कळतं. पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. मी "जमतं तेवढं करते" म्हणते आणि बोलणं आमरसाकडे वळतं. आज पूर्ण सांगते. नोकरी का सोडली, जळगावलाच का राहिले, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

आधी थंडीचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांना टेकतो, म्हणून आपल्याकडे थंडीच नाही असं आपणच बोलायला लागलो आहोत. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा 6-7 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तापीकाठच्या शिवारात रात्री दोन वाजता उभं राहून बघा. केळीचं पान पिवळं पडतं, झाडाची वाढ थांबते, घड नीट निसवत नाही. रावेर-यावलकडे बागेला रात्री पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, बागेत ऊब राहावी म्हणून. केळीला थंडी वाजते हे सगळ्यांना मान्य आहे. तिला रात्री पाणी देणाऱ्या माणसाला वाजते, हे मात्र मला पटवून द्यावं लागतं.

शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं तर रात्रीच्या पाळीत उठावंच लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना आली, 2023 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. ज्या गावांना मिळाली त्यांचं भलं झालं. आमच्या शिवारातली रात्रीची पाळी काही चुकलेली नाही. माझे वडील घोंगडी पांघरून जायचे. घोंगडी उबदार खरी, पण सारा फोडायला वाकलं की खांद्यावरून घसरते, चिखलात भिजली की उचलवत नाही. म्हणून आईने त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला आणि तिच्या मांडीशी बसून मी सुलट-उलट शिकले. आमच्या घरात स्वेटर हौसेने आलेला नाही. तो पाणी भरायला जाणाऱ्या माणसासाठी आला.

"बाजारात चारशे-पाचशेला जॅकेट मिळतं" हे तुमचं पुढचं वाक्य असतं. मिळतं. जत्रेसारखी दुकानं लागतात हिवाळ्यात, मीही बघून येते. पण ते कापड शेकोटीजवळ गेलं की ठिणगीने वितळतं, अंगाला चिकटतं. शुद्ध लोकर सहजी पेट घेत नाही. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. पाण्यात आणि धुरात रात्र काढणाऱ्याला याहून चांगलं काय देणार? मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते आणि ती जॅकेटाहून महाग पडते, हे मी कधीच लपवलेलं नाही.

आता हातांचं. मला झालेला संधिवात वयाचा नाही. ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस म्हणतात त्याला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. विणल्याने होत नाही, गार पाण्याने होत नाही, चिंच-दह्याने होत नाही. पहिले काही महिने सगळे म्हणत होते की चिकनगुन्याचं उरलंय. 2006 च्या साथीनंतर महिनोन्महिने सांधे धरून बसलेली माणसं सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, ब्लाऊजचा हूक लागत नाही, असं झालं तेव्हा कुठे रक्ताच्या नेमक्या तपासण्या झाल्या. आता मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर मी लाल पेनाने "गुरुवार" लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. अधूनमधून लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी प्रेमाने आणून दिलेल्या पुड्या मी घेतलेल्या नाहीत, पुढेही घेणार नाही. आत काय आहे हे लिहिलेलं नसतं, आणि अशा पुड्यांत स्टेरॉईड निघाल्याचं डॉक्टर सांगतात.

निदान झालं तेव्हा मी सुया गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. "तेव्हा कशी शहाण्यासारखी वागलीस" असं तुम्ही आजही म्हणता. त्या वेळची मी म्हणायची, हात जपले तर निदान भाकरी तरी थापता येईल. मी तिला सांगते, बाई, सुया माळ्यावर होत्या तेव्हाही तुला कळण्याची भाकरी थापता येत नव्हती, सूज यायची तेव्हा आलीच. ती म्हणते, पण उजव्या हाताचं जे बोट आज वाकलंय ते तेव्हा सरळ होतं. इथे मी अडते. औषध लागू पडायला उशीर झाला म्हणून ते वाकलं की सुईने, डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. आमचं भांडण अजून चालू आहे.

सुया माळ्यावरून उतरल्या त्या बापूसाठी. धाकट्या भावाचा जुना स्वेटर कोपरांवर विरला होता. त्याने मागितला नव्हता, मीच घेतला विणायला. पाठ झाली, छाती झाली, एक बाही झाली. दुसरी बाही सुईवर असताना भाच्याचा पहाटे फोन आला. बापू हरभऱ्याला पाणी भरत होता. अंधारात कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकू आला आणि पाय मागे घ्यायच्या आत घोणसने घोट्याच्या वर दंश केला.

गावात देवाला नेण्याची भाषा झालीच. भाच्याने ऐकलं नाही. त्याने पाय कापला नाही, आवळून बांधला नाही, बापाला चालू दिलं नाही. गाडीत निजवून सरळ तापीचा पूल ओलांडून जळगावला आणलं. मी दाराच्या खुंटीवरची पिशवी उचलून धावले. पैसे आणि माझी औषधं तिच्यातच असतात, आणि विणकामही तिच्यातच होतं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण मी स्वेटर घेऊन दवाखान्यात गेले अशी गोष्ट आता नातेवाइकांत झाली आहे.

पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग नळी तिरकी करून बघायची. रक्त साकळलं तर बरं. पातळच राहिलं तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकद संपवली आहे. बापूचं पाण्यासारखं वाहिलं. लस सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही सापांवर चालते ती एकच लस, बाटल्यांमागून बाटल्या. काही तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. तेव्हाही साकळलं नाही. पुन्हा लस, पुन्हा थांबणं.

जानेवारीतली सकाळ, फरशी बर्फासारखी. माझी गोळी घ्यायची राहिली होती, बोटं वळत नव्हती. मी बाकावर बसून बाही बाहेर काढली आणि विणायला लागले.

कुणी बोललं ते तुम्हाला माहीत आहे. नाव लिहीत नाही. "भाऊ आत मरून राहिला अन् ही स्वेटर विणून राहिली वं माय." सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. माझ्या शेजारी एक गृहस्थ माळ ओढत होते, त्यांचंही कुणीतरी आत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. समोर एक बाई पोथी वाचत होत्या, त्यांनाही नाही. माझ्या हातात लोकर होती म्हणून मी दगडाची ठरले. इतक्या वर्षांनी ते वाक्य मला झोंबतं आणि तुमच्या "हात दुखतात तर विणता कशाला" या प्रश्नाखाली मला तेच ऐकू येतं. तुमच्या मनात तसं नसेलही.

मग मी का विणत होते? मी प्रार्थना करत नव्हते. मन रमवत तर मुळीच नव्हते. त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काहीच नसतं. आत जाता येत नाही, नळीकडे बघून रक्त साकळत नाही. मला माहीत होतं की एक ओळ सुलट आणि एक उलट, एवढं मला नीट करता येतं. बोट ठणकत होतं, आणि त्या ठणक्यामुळे मी शुद्धीवर होते. मी मान वर केली नाही हेही खरं. भाचा भिंतीला टेकून उभा होता, त्याला कदाचित माझ्याशी बोलायचं असेल. तो पुढे कधी त्याबद्दल बोलला नाही, मीही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी त्या वाक्याबरोबर कुणी सांगत नाही. भावजय माझ्याशेजारी येऊन बसली. लोकरीचा गोळा पिशवीतून घरंगळला होता, तो तिने ओटीत घेतला आणि मी विणत जाईन तसा धागा सैल सोडत राहिली. तोंडाने एक शब्द नाही. ज्या बाईचा नवरा आत होता तिला माझं विणणं खुपलं नाही. बाकीच्यांना का खुपावं?

संध्याकाळी रक्त साकळलं. पुढे लघवी कमी झाली, मूत्रपिंडांना झटका बसला होता, काही दिवस डायलिसिस करावं लागलं. पायाची जखम भरायला उन्हाळा लागला. बापू वाचला. ती बाही मी दवाखान्यातच पुरी केली आणि नंतर माझे हात इतके सुजले की चमचा धरवेना. याचं भांडवल करून तुम्ही म्हणता, "बघा, म्हणून सांगतो." हो, सुजले. तेव्हा थांबायला हवं होतं का, असं मला विचारू नका. तुम्ही त्या बाकावर बसला नव्हता.

डॉक्टरांनी मला विणकाम बंद करा असं आजवर सांगितलेलं नाही. ते म्हणतात, सूज असताना विश्रांती. सूज उतरली की हात चालते ठेवा, पण थोडं थोडं. त्याप्रमाणे मी सगळं बदललं आहे. स्टीलच्या गार सुया सोडल्या, बांबूच्या घेतल्या. दहा नंबरावरून आठवर आले. आपल्याकडे नंबर जितका लहान तितकी सुई जाड, आणि जाड सुईवर बोटं कमी आवळावी लागतात. पाठ-छाती आता वायरने जोडलेल्या गोल सुईवर विणते, म्हणजे वजन मनगटांवर न येता मांडीत राहतं. बारीक नक्षी, वेण्या, सगळं सोडून दिलं. त्याचं वाईट वाटतं. आईच्या हातची वेणीची नक्षी आमच्यात आता कुणालाच येत नाही.

वाचनाचंही विचारता, म्हणून सांगते. जाड पुस्तक हातात धरवत नाही. आजीची पोथीची ठवणी होती, तीवर पुस्तक उघडून ठेवते, पानांना कपड्यांचे चिमटे लावते. साध्या उलट ओळीला बघावं लागत नाही, त्यामुळे दोन्ही एकदम चालतं. बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रं वाचते आहे. त्यांच्यातल्या आजारपणांच्या पानांवर मी फार वेळ रेंगाळते. नवऱ्याच्या आणि मुलांच्या दुखण्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, स्वतःच्या दुखण्यावर दोन ओळी. मला त्या दोन ओळींच्या पुढचं वाचायचं असतं.

बरा झाल्यावर बापू पुन्हा रात्रीच्या पाळीला जायचा. गुडघ्यापर्यंत बूट, हातात बॅटरी, काठी आपटत, आणि अंगात तो स्वेटर. हल्ली भाचा त्याला जाऊ देत नाही, स्वतः जातो. म्हणून सध्या सुयांवर भाच्याचा स्वेटर आहे, बॉर्डर झाली आहे. तो म्हणतो, "आत्या, हात दुखवून घेऊ नका, मला जॅकेट चालतं." त्याला खरंच जॅकेट आवडतं की तो माझ्या हातांकडे बघून बोलतो, ते मला कळत नाही. छातीचं मापही देत नाही. तुमच्यापैकी कुणी यावलकडे जाणार असाल तर त्याला विचारा, आणि माप तेवढं घेऊन या.