भोपळ्याच्या वेलीचे तणावे

शनिवार, रात्र

कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी काढलेली वनस्पतींची छायाचित्रे आज प्रथमच सलग पाहिली आणि योजलेली इतर सारी कामे बाजूला राहिली. नेच्याची गुंडाळलेली कोवळी पाने, एक्विझेटम या फुले न येणाऱ्या वनस्पतीचा हेमाडपंती देवळाच्या खांबासारखा पेरापेरांनी चढत गेलेला दांडा, भोपळ्याच्या वेलीचे तणावे, एवढेच त्या चित्रांचे विषय आहेत. मागे साधा करडा किंवा पांढरा पुठ्ठा, सौम्य नैसर्गिक प्रकाश आणि मूळ आकाराच्या कितीतरी पट मोठी प्रतिमा. रंग नाही, आकाश नाही, दवबिंदूही नाही.

हे गृहस्थ व्यवसायाने छायाचित्रकार नव्हते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८६५ साली जन्मलेल्या ब्लॉसफेल्ट यांनी तरुणपणी लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केली आणि पुढे बर्लिनच्या कलाशाळेत सुमारे तीन दशके विद्यार्थ्यांना वनस्पतींवरून आकार घडवायला शिकवले. खुडलेले पान सुकून जाते, म्हणून वर्गात दाखवण्यासाठी ते स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने त्याचे चित्र घेऊन ठेवत. त्यांची झाडे बहुधा बागेतली नसत. रस्त्याच्या कडेचे आणि रेल्वेच्या भरावावरचे तण ते वेचून आणत. १९२८ साली १२० चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. त्यानंतर चारच वर्षांनी ते वारले. कीर्तीची वाट न पाहता एकच काम इतकी वर्षे त्याच पद्धतीने करत राहणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो.

पाऊस उघडल्यावर परसातल्या भोपळ्याच्या वेलीपाशी गेले. इतकी वर्षे या वेलीची फुले आणि कोवळी पाने भाजीसाठी खुडली, पण तणाव्याकडे कधी निरखून पाहिले नव्हते. ज्याला अजून आधार सापडलेला नाही असा तणावा जवळजवळ सरळ असतो. कुंपणाच्या तारेला ज्याने विळखा घातला आहे, त्याला मात्र एका बाजूने डावीकडे आणि दुसऱ्या बाजूने उजवीकडे असा पीळ पडलेला असतो, आणि मध्ये जिथे दिशा बदलते तिथे एक लहानसा सरळ तुकडा राहतो. दोन्ही टोके जखडलेली असल्यामुळे सगळा पीळ एकाच दिशेने पडणे शक्य नसते, म्हणून ही उलटापालट होते. परिणामी त्याची स्प्रिंग बनते आणि वाऱ्यात वेल हेलकावली तरी तणावा तुटत नाही. हे कारण मी पूर्वी कधीतरी वाचले होते, परंतु त्या करड्या चित्राने नजर तिथे नेली नसती तर ते माझ्या लेखी कागदावरच राहिले असते.

निसर्गाची झगझगीत रंगांतली चित्रे हल्ली उदंड दिसतात. त्यांतली पुष्कळशी सुंदर असतात, तरी ती पाहून मला दूरच्या प्रदेशांची ओढ लागते आणि दारातले झाड होते तिथेच राहते. ब्लॉसफेल्ट यांची चित्रे याच्या नेमके उलट करतात, आणि मला तीच अधिक थोर वाटतात.

कुंपणाच्या कडेला टाकळा आणि एकदांडी माजली आहे. टाकळ्याची पाने तिन्हीसांजेला मिटतात तेव्हा ती जोडीजोडीने कशी वळतात हे भिंगातून पाहायचे आहे, म्हणून तो कोपरा इतक्यात खुरपू नये असे माळीकाकांना सांगून ठेवले आहे.