जाम गेटचा उतार आणि कार्बनची चाकं

सायकलवरून इंदूर ते महू, त्याबद्दल काही लिहीत नाही. पोहे खाऊन उजाडायच्या आत निघा, राऊ मागे पडलं की हायवेची गर्दी सुरू व्हायच्या आत महूत पोचाल. लिहायचंय ते बडगोंद्याच्या पुढे, जाम गेटपासून खाली मंडलेश्वरकडे उतरणाऱ्या घाटाबद्दल. रिम ब्रेक (ज्यांचे पॅड चाकाच्या कडेलाच, म्हणजे रिमला, घासतात) आणि कार्बन फायबरची चाकं घेऊन तो उतरायचा बेत असेल तर उत्तर एकच: नको.

"कार्बन घिसता नहीं भिया, लाइफटाइम है," असं सांगून एका मेकॅनिकने मला ही वापरलेली चाकं विकली. साफ खोटं. ब्रेकचा पॅड जिथे घासतो तो पट्टा ॲल्युमिनियमचा असो की कार्बनचा, झिजतोच. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच रिमवर निदान एक खाच किंवा खळगा कोरलेला असतो. तो पुसला गेला की चाक बाद. कार्बनच्या कित्येक रिमवर असली काही खूणच नसते. विकणाऱ्याचं फावतं ते इथेच.

जाम गेट, म्हणजे अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा, अगदी विंध्याच्या कडेवर उभा आहे. माळवा तिथे संपतो आणि रस्ता निमाडात कोसळतो. पावसाळा नुकताच सरला होता. वळणावळणावर माती आणि काळ्या दगडाची कच वाहून आलेली. ही कच ओल्या रिमवरून पॅडमध्ये रुतते आणि मग पॅडचा सरळ सँडपेपर होतो. वरच्या वळणांवर डांबर ओलं होतं, तिथे ब्रेक दाबला तरी आधी काहीच होत नव्हतं, मग एकदम पकडायचा. खाली कोरडं लागलं तर उष्णतेचा ताप. ॲल्युमिनियम ही उष्णता पसरवून टाकतं. कार्बनमध्ये ती पट्ट्यातच कोंडते, आतले धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं आणि टायरची हवा रिमची भिंत बाहेर ढकलते. अर्ध्या घाटात जळका वास आला. त्यानंतर पुढचा ब्रेक चाकाच्या प्रत्येक फेरीला एकाच जागी धक्का द्यायला लागला.

उरलेला घाट मी चालत उतरलो. मावसभाऊ जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर केव्हाच खाली जाऊन चहा पीत बसला होता.

मंडलेश्वरला एका दुकानातून स्टीलची पट्टी मागून रिमच्या ट्रॅकवर, म्हणजे पॅड घासतो त्या पट्ट्यावर, आडवी टेकवली. एका जागी फुगवटा, आणि बाकी सगळीकडे पट्टीखालून उजेड दिसत होता, म्हणजे ट्रॅक मधोमध खोल गेलेला. इतकी झीज एका उतारात होत नाही. आधीच घासलेल्या रिमवर चकाकी चढवून ती माझ्या गळ्यात मारली होती. चाकं घेताना हीच पट्टी दुकानात लावून बघा; दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. धाग्यांची वीण उघडी पडली असेल किंवा नखाला कड लागत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

इंदूरला परतल्यावर दुसऱ्या एका मेकॅनिकने 'ट्रॅक पॉलिश'चे अठराशे मागितले. उरलासुरला कार्बन घासून काढायचे अठराशे! फुगलेल्या रिमला इलाज नाही, ती फेकायची असते. पॅडवर चकाकी आली असेल तर त्यावर सँडपेपर जरूर मारा, रिमवर कधीच नाही.

तरीही कार्बनवरच जायची खुमखुमी असेल तर पॅड फक्त कार्बन रिमसाठी बनवलेलेच लावा. ॲल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले पॅड तर अजिबात नकोत, त्यात रुतलेले धातूचे कण कार्बन ओरबाडतात. लॅटेक्सची ट्यूब तापून फुटू शकते, ती घरी ठेवा. ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, आणि पुढचा-मागचा दोन्ही वापरा. माझं मत विचाराल तर घाटासाठी ॲल्युमिनियम नाहीतर डिस्क ब्रेक, जे रिमला घासतच नाहीत. कार्बन मिरवायला इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता आहे की, सपाट आणि रुंद.

मंडलेश्वरजवळचं महेश्वर छान आहे, नर्मदेच्या घाटावर बसा.

येताना जाम गेटच्याच घाटाने चढा. चढावर ब्रेकचा प्रश्नच येत नाही, नुसते पाय जातात. धामणोदवरून ए.बी. रोडने (आग्रा-मुंबई हायवेने) यायचं मनात आणू नका. तिथल्या गणेश घाटात उतरत्या ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन खूप अपघात झालेत. आणि रविवार टाळा. जाम गेटवर सेल्फीवाल्यांच्या गाड्या ऐन वळणात उभ्या असतात, आणि ब्रेक सगळ्यात जास्त लागतो तो तिथेच.