बाराबंदीला नीळ घालायची राहिली

सोलापूरच्या नवी पेठेत माझं प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. वर्षभर धंदा म्हणजे लग्नाचे अल्बम, कॅनव्हास, कुणाच्या तरी वाढदिवसाची फ्रेम. मधेच एखादा हौशी येतो आणि कॉटन पेपरवर ब्लॅक अँड व्हाइट पाहिजे म्हणतो, ते काम मी पैशापेक्षा आवडीनं घेतो. तसाच गेल्या जानेवारीत एक ओळखीतला पोरगा आला, गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे, २२ फोटो, सगळे ब्लॅक अँड व्हाइट, ए-टू साइज, आणि १० तारखेला प्रदर्शन. माझ्या हातात काम आलं ७ ला. आमच्यात सगळं असंच असतं.

फोटो मात्र एक नंबर होते. सात नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या), संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षतांची गर्दी, आणि जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या बाराबंद्या, म्हणजे बंदांनी बांधायचे अंगरखे. ज्यांनी सोलापूरची यात्रा पाहिली नाही त्यांना सांगतो, उन्हात हजारो माणसं पांढऱ्याफेक कपड्यात उभी असतात, म्हणजे प्रिंट काढणाऱ्याची परीक्षाच. पांढऱ्यावर पांढरं. चुण्या दिसल्या पाहिजेत, पण कापड करडं नाही झालं पाहिजे.

७ च्या रात्री पहिल्या चार प्रिंट काढल्या. कागद हानेम्यूलेचा फोटो रॅग, ३०८ जीएसएमचा. (कापसाच्या आणि सुताच्या या गावात कापसाचा कागद जर्मनीतनं मागवायचा, याचं मला दरवेळी हसू येतं, पण ते लोक १५८४ पासून कागदच करतायत, काय बोलणार.) मला वाटलं बरं आलंय, जरा वॉर्म आहे, पण कॉटन पेपर असतोच जरा उबदार. झोपलो.

८ ला सकाळी पोरगा वडिलांना घेऊन आला. म्हातारा माणूस, ऐन उमेदीत नंदीध्वजाची काठी पेललेला, दोन फोटोत तो स्वतःच आहे. त्यानं प्रिंट हातात घेतली, खिडकीपाशी नेली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मालक, ह्याला नीळ घालायची राहिली का?"

मी म्हटलं, म्हणजे?

"बाराबंदी मळकी दिसायलीय. गड्ड्याला मळकी बाराबंदी कोण घालतंय? आणि बंद पण दिसंनात."

पोरगा ओशाळला, अप्पा गप्प बसा म्हणाला, पण मला चटकन लागलं, कारण म्हातारा बरोबर होता. खिडकीच्या उजेडात ते कापड सरळ सरळ पिवळट मातकट होतं, आणि दोरीचे बंद चुण्यांमध्ये बुडून गेले होते. रात्री ट्यूबच्या उजेडात मी काय बघत होतो देव जाणे.

आता पहिला मोह काय होतो, तर फोटोशॉपमध्ये थोडा निळा टाकायचा. म्हणजे खरोखरच नीळ घालायची. करून बघितलं छोट्या तुकड्यावर. बाराबंदी पांढरी झाली पण मागची माणसं, घोंगड्या, सावल्या सगळ्या निळ्या पडल्या. म्हणजे रोग सगळीकडं सारखा नाही, फक्त हलक्या ग्रेमध्ये आहे. मग नेहमीचे संशयित घेतले. मॉनिटर जास्त उजळ आहे का? नाही. कागद उलटा घातला का? कोपऱ्याला ओलं बोट लावलं, कोटिंगची बाजू जरा चिकटते, सरळच होता. मॅट ब्लॅक शाईऐवजी फोटो ब्लॅक? नाही. फोटोशॉप आणि ड्रायव्हर दोघंही रंग सांभाळायला बसलेत का, म्हणजे एका भाजीत दोघांनी मीठ घातल्यासारखं? तेही नाही. नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी भोकं चालू आहेत का ते बघायची छापील चाचणी, तीही एकदम कडक.

मग २१ पायऱ्यांची ग्रे पट्टी छापली आणि स्पेक्ट्रोनं, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रानं, मोजली. खालच्या काळ्या पायऱ्या बऱ्यापैकी जागेवर. पण कागदाच्या पांढऱ्यापासनं मधल्या ग्रेपर्यंतचा जिना पाहिजे त्यापेक्षा सहा-सात अंकांनी खाली, म्हणजे गडद, आणि निळं-पिवळं सांगणारा बी चा आकडा चार-पाच प्लसमध्ये, म्हणजे पिवळा. म्हाताऱ्यानं मशीन न लावता जे सांगितलं तेच.

आणि प्रोफाइल, म्हणजे कुठल्या रंगाला किती शाई टाकायची ते मशीनला सांगणारी फाइल, मीच बनवलेली. त्याच मशीनची, त्याच कागदाची, त्याच शाईची, चार्टवरचे नऊशेच्या वर पॅच, म्हणजे रंगाचे चौकोन, मोजून. त्यामुळं प्रोफाइलवर संशयच घेत नव्हतो. दुपारी जेवताना (शेंगाचटणी आणि कडक भाकरी, त्या दिवशी तेही गोड लागेना) आठवलं की ती प्रोफाइल एप्रिलमधली. सोलापूरचा एप्रिल. पारा ४२ च्या वर, लाईट गेलेली, एसी बंद, हवा अशी कोरडी की शाई हेडमध्येच सुकते. चार्टची शीटं मी फेकत नाही, कपाटात फाइलला लावून ठेवतो, ती काढली आणि डोळ्याला भिंग लावलं.

हलक्या ग्रेच्या पॅचमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेषा. ओळीनं.

आमच्या मशीनमध्ये तीन काळ्या शाई आहेत, गडद, फिकट आणि अगदी फिकट. ही अगदी फिकटवाली हायलाइट ते मधला ग्रे सांभाळते, म्हणजे नेमकी बाराबंदीवाली जागा. एप्रिलमध्ये तिचीच काही नोझल्स बंद होती. साध्या डोळ्याला दिसत नव्हतं, आणि स्पेक्ट्रोचं भोक साडेचार मिलिमीटरचं, ते रेषा बघत नाही, सगळ्याची सरासरी घेतं. त्यामुळं त्याला वाटलं हे मशीन इथं शाई कमीच टाकतं, आणि काळी शाई स्वतः जराशी तपकिरी असते, ती कमी पडली म्हणून ग्रे थंड निघाला. प्रोफाइलनं इमानदारीत त्याचा हिशोब मांडला, इथं जास्त शाई टाका आणि जरा पिवळ्याकडं न्या. पुढं जूनमध्ये इंजिनिअर बोलावून हेड साफ केलं, डॅम्पर बदलला, मशीन ठणठणीत झालं. औषध मात्र चालूच राहिलं.

मग मधले सहा महिने कळलं कसं नाही? कॉटन पेपरवर तीनच प्रिंट काढल्या होत्या, तिन्ही रंगीत, आणि रंगीतात पिवळं झालं की गिऱ्हाईक "वॉर्म लुक भारी आलाय" म्हणतं. चूक माझीच, चार्ट छापण्याआधी नोझल चेक काढायला एक मिनिट लागतं, ते मी त्या उकाड्यात काढलं नाही.

दुपारचे तीन वाजलेले. नवीन चार्ट छापायचा तर तो निदान एक रात्र वाळू द्यायला पाहिजे, ओल्या शाईवर मोजलं की आकडे परत भलतेच येतात. तेवढा वेळ नव्हता. म्हणून प्रोफाइल बाजूलाच ठेवली आणि ड्रायव्हरचा ब्लॅक अँड व्हाइट मोड घेतला. त्यात मुख्य काम तिन्ही काळ्या शाई करतात, रंगीत शाई चवीपुरती, त्यामुळं रंगाचं भांडण कमी आणि नुसत्या टोनचं जुळवायचं राहतं. शिवाय हॉलमध्ये पिवळे स्पॉटलाइट होते, रंगीत शायांनी बनवलेला ग्रे अशा लाईटखाली कधी हिरवट दिसतो कधी गुलाबी, ती पण भीती कमी. पट्टी छापली, बायकोचा हेअर ड्रायर आणून लांबनं वाळवली, मोजली, कर्व्ह (उजळ-गडद कमी-जास्त करायची रेष) ओढली, परत पट्टी, परत कर्व्ह. चौथ्या पट्टीला जिना सरळ आला, बी शून्याच्या आसपास.

पहिल्या चार प्रिंट फेकल्या, एका शीटच्या पैशात घरी आठवड्याची भाजी येते, पण इलाज नव्हता. रात्रभर मशीन चाललं, दर पाच प्रिंटनंतर नोझल चेक, आता कुठलं सुटतंय. नवी प्रोफाइल मग निवांत १२ तारखेला बनवली.

९ ला सकाळी अप्पा परत आले, बोलावलं नव्हतं तरी. तीच प्रिंट घेऊन तशीच खिडकीपाशी गेले. बोलले काहीच नाहीत, बोटानं छातीवरचे बंद मोजत राहिले. सातावर थांबले.

"बारा आस्त्यात," पोरगा म्हणाला.

"पाच हाताखाली गेल्यात," अप्पा म्हणाले, "माझाच हात हाय न्हवं का तो."